दर पावसाळ्यात तोच सांधा गळतो: घरी बांधलेल्या होडीची गळती मुळातून बंद करण्यासाठी

तक्रार सगळीकडे एकच असते. मे महिन्यात होडी उलटी करून सांधे पुटीनं भरले, वर रंगाचे दोन हात दिले, दिसायला नवीकोरी झाली. धरणात पाणी चढलं, होडी पाण्यात घातली, सुरुवातीला कोरडी राहिली आणि पोळ्याच्या आसपास पुन्हा पायाखाली पाणी. गळतं तेही गेल्या वर्षी भरलेल्या त्याच सांध्यात. मग माणूस आणखी महागाची पुटी आणतो, आणखी जाड थर देतो आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी मोठी फट बघतो.

मराठवाड्यातल्या पैठण, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी, यांपैकी कुठल्याही पाण्यावर घरची होडी घालणाऱ्याला हे नवीन नाही. दोष बहुतेक वेळा पुटीचा नसतो आणि सुताराचाही नसतो. आपल्याकडची होडी पाण्यात बिघडत नाही, ती मार्च ते जून काठावर उन्हात पडलेली असताना बिघडते. पाणी ते नंतर दाखवतं. म्हणून दुरुस्ती गळतीपासून सुरू न करता उन्हाळ्यापासून सुरू करावी लागते.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली येते. अशा हवेत सावलीतल्या लाकडातलाही ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. ऑगस्टच्या दमट हवेत तोच १५ टक्क्यांच्या पुढं जातो, आणि पाण्याखाली राहणारा भाग तर ३० टक्क्यांपर्यंत फुगत राहतो. सागवानाची ८ इंच रुंदीची फळी ५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली की रुंदीत सुमारे ३ ते ४ मिलिमीटर वाढते. लाकडाच्या उभ्या रेषांच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, मात्र ती जवळपास वाढतच नाही. तळाला अशा पाच फळ्या शेजारी शेजारी असतील तर एका ऋतूत सगळा तळ दीड-दोन सेंटिमीटरनं कमीजास्त होऊ पाहतो. बैलगाडीच्या चाकाची धाव उन्हाळ्यात सैल पडते आणि चाक पाण्यात भिजवलं की पुन्हा आवळते, तसंच हे आहे. चाकाच्या आऱ्यांमध्ये पुटी भरून धाव आवळायला कुणी जात नाही. होडीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

कोकणात हवा बाराही महिने दमट असते, म्हणून तिथली होडी एवढी ताणली जात नाही. तिथला सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही, आणि थंड देशांतल्या होडीच्या नकाशांबरोबर आलेल्या सूचना तर अजिबातच चालत नाहीत. दुष्काळाच्या वर्षी हाल आणखी वाढतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वेळी होडी दोन-दोन उन्हाळे कोरड्या जमिनीवर काढते, आणि तिच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसायला लागतो.

आधी एक गोष्ट ठरवा: तुमची होडी फळ्यांची आहे की प्लायवूडची? दोन्हींचा आजार एकाच उन्हानं होतो, पण इलाज अगदी उलटे आहेत. फळ्यांच्या होडीला आधी भिजवायचं असतं, प्लायवूडच्या होडीला आधी वाळवायचं असतं. निम्म्या दुरुस्त्या इथंच फसतात.

गळतं कुठून ते आधी शोधा

पाणी साचतं तिथंच ते आत आलं असेल असं धरून चालू नका. आत आलेलं पाणी आडव्या पट्ट्यांच्या खालून, पायफळ्यांच्या आडून सरकत सगळ्यात खोलगट जागी जमा होतं. मागच्या बाकाखाली पाणी दिसतं म्हणून मागचा सांधा उकरला जातो आणि खरी फट पुढच्या टोकाजवळ तशीच राहते.

सोपी रीत अशी. होडी विटांवर किंवा वाळूच्या पोत्यांवर सरळ ठेवा, टेकू नेमके आडव्या पट्ट्यांच्या खाली येऊ द्या. बाहेरून सगळे सांधे कोरडे पुसून त्यावर खडूची पूड किंवा पीठ भुरभुरा. आता आत चार-पाच सेंटिमीटर पाणी भरा. जास्त भरू नका: १० फूट लांब आणि ३ फूट रुंद तळावर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे १४० किलो वजन, टेकू चुकले तर परीक्षेतच तळ मोडेल. पूड जिथं ओली होते तिथं बाहेरून पेन्सिलीनं खूण करा. अर्धा तास थांबा, बारीक फटी उशिरा बोलतात.

छोटं भोक दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. पाण्याच्या पातळीखाली १५ सेंटिमीटरवर ३ मिलिमीटर व्यासाचं भोक असेल तर तासाला पंचवीसेक लिटर पाणी आत येतं. बाक बसवताना आरपार गेलेला आणि नंतर काढून टाकलेला एखादा स्क्रू एवढं काम करतो.

आणि एक खात्री करून घ्या: पाणी खरोखर तळातून येतंय ना? वल्हं उचललं की त्याच्या दांड्यावरून पाणी हाताकडं ओघळतं आणि होडीत टपकतं. तासभर वल्हवलं तर ते बरंच होतं. दांड्यावर, पात्याच्या थोडं वर, सायकलच्या जुन्या ट्यूबची जाड रिंग चढवा, थेंब बाहेरच पडतात. एवढ्यानंच ज्यांची ‘गळती’ थांबते त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही.

फळ्यांची होडी असेल तर

मे महिन्यात रुंद झालेल्या फटीत घट्ट, दगडासारखी होणारी पुटी भरणं ही सगळ्यात महागडी दुरुस्ती. दोन गोळ्या मळून लावायची इपॉक्सी पुटी नळाच्या जोडाला उत्तम आहे, पण ती दबत नाही. ऑगस्टमध्ये फळी फुगते, तिला सरकायला जागा नसते. मग एक तर फळीची कड चिरडते, नाही तर आडव्या पट्टीतून खिळे उपटले जातात. दिवाळीनंतर लाकूड पुन्हा आक्रसलं की चिरडलेली कड मागं येत नाही, फट गेल्या वर्षीपेक्षा मोठी होते. दर वर्षी वाढणाऱ्या गळतीचं गणित हेच आहे.

आधी होडीला पाणी पाजा. काठाजवळ उथळ पाण्यात ती दगड घालून बुडवून दोन-तीन दिवस ठेवा. पाणी नसेल तर आत ओली बारदानं पसरा, सकाळ-संध्याकाळ शिंपडा, वरून झाका. खूप वाळलेली होडी असेल तर आठवडाही लागेल. एकदम कडक उन्हातून उचलून वल्हवायला नेऊ नका, पहिल्या दिवशी ती चाळणीसारखी गळेल आणि तुम्ही घाबरून पुन्हा पुटी आणाल. निम्म्याहून जास्त फटी या भिजवण्यातच मिटतात.

भिजवूनही ज्या फटी उरल्या, त्यांच्यावरच काम करायचं. होडी सावलीत उलटी ठेवून पृष्ठभाग चार-सहा दिवस सुकू द्या, लाकूड आतून दमट राहिलं पाहिजे. जुनी पुटी खरवडून काढा. सांधा बाहेरच्या बाजूनं किंचित उघडा आणि आत बंद असा निमुळता हवा. नसेल तर पटाशीनं तसा करून घ्या. मग कापसाची सैल पिळलेली वात बोथट पटाशीनं हलक्या हातानं बसवा. हातोडीचा जोर लावून ठासू नका, कापूस भिजल्यावर स्वतः फुगतो. फटीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत कापूस, वर लवचीक थर. जुन्या रीतीनं तेलात शिजवलेली राळ चालते, आजच्या दुकानातलं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे लवचीक राहणारं भरण, तेही चालतं. कापूस पिकवणाऱ्या भागात आपण राहतो, चांगली लांब धाग्याची सरकी काढलेली रुई मागून घ्या, औषधाच्या दुकानातल्या बंडलापेक्षा ती कितीतरी बरी.

डांबराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: उन्हाळ्यात ते ओघळतं, हिवाळ्यात तडकतं, आणि एकदा लाकडात मुरलं की त्यावर पुढं दुसरं काहीच धरत नाही. सिलिकॉनचं तर त्याहून वाईट. न्हाणीघरातलं सिलिकॉन होडीच्या सांध्यात गेलं की त्या जागी रंग, रेझिन, पुटी कशाचीच पकड बसत नाही, आणि पूर्ण काढायचं म्हणजे लाकूडच तासावं लागतं.

खिळेही बघा. साध्या लोखंडी खिळ्याभोवती काळा डाग दिसला तर आत गंज फुगतोय आणि लाकूड मऊ होतंय. एक-एक करून ते काढा आणि पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू घाला. गोड्या पाण्याला ३०४ दर्जाचं स्टेनलेस पुरतं.

प्लायवूडची होडी असेल तर

हल्ली घरी बांधलेल्या बहुतेक होड्या याच असतात. ८ बाय ४ च्या दोन-तीन शीट कापायच्या, कडा तारेनं शिवायच्या, आतून रेझिनची गोलाई भरायची, वरून काचेच्या कापडाची (फायबरग्लासची) पट्टी. ही रीत १९६० च्या दशकात इंग्लंडात मिरर नावाच्या छोट्या होडीमुळं घराघरांत पोचली, आणि साधी हत्यारं असलेल्या माणसाला आजही तिच्याइतकी सोपी रीत नाही.

प्लायवूड फळीसारखं रुंदीत फुगत नाही, कारण त्याचे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात. त्याचं दुखणं कडेला असतं. कापलेल्या कडेतून लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात, त्यातून पाणी आत चढतं, थर सुटतात. उन्हाळ्यात ते पाणी वाफ होऊन रंगाला आणि पट्टीला आतून फोड आणतं. वर लावलेला नवा थर मग लाकडाला चिकटलेला नसतोच, तो सुटलेल्या सालीला चिकटलेला असतो. म्हणून तीच जागा पुन्हा गळते.

पट्टी सुटली असेल तर तिच्यावर दुसरी पट्टी चढवू नका. नाण्यानं टकटक करत जा, जिथं आवाज बद्द येतो तिथपर्यंत सगळं सोलून काढा. मग वाळवा, आणि इथं घाई करू नका. सावलीत, वारा लागेल अशा जागी दोन-तीन आठवडे. ही एक गोष्ट मराठवाड्याचा उन्हाळा उत्तम करतो. म्हणून प्लायवूडच्या होडीची दुरुस्ती मार्च-एप्रिलमध्येच उरका, पावसाळ्यात नाही. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो, तो पाण्यानं धुऊन काढला नाही तर पुढचा हात धरत नाही.

आता रेझिनचं. कूलर आणि टाक्या दुरुस्त करणाऱ्यांकडं मिळतं ते बहुधा पॉलिएस्टर रेझिन असतं. त्याला उग्र वास असतो आणि त्यात हार्डनर फार थोडं, शेकडा एक-दोन, घालतात. फायबरवर ते छान बसतं, लाकडावर त्याची पकड कमी असते, सागवानासारख्या तेलकट लाकडावर तर ते पापडासारखं सुटतं. लाकडाला इपॉक्सीच हवं. ते ओळखायची खूण म्हणजे हार्डनरचं मोठं प्रमाण: दोनास एक, दहास एक, जसं डब्यावर लिहिलं असेल तसं. ते काट्यावर मोजूनच घाला. हार्डनर जास्त घातलं म्हणून इपॉक्सी लवकर वाळत नाही, ते कायमचं चिकट राहतं. पॉलिएस्टर वापरायची वेळ आलीच तर त्याला लवकर घट्ट करायला घालतात ते जांभळं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो.

इपॉक्सीबरोबर विणलेलं काचेचं कापड घ्या. तुकड्यांची मॅट नको, तिच्यातला चिकटा पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट कडक राहते आणि कोपऱ्यावर उचलते.

उन्हाळ्यात काम करताना वेळ सांभाळा. तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी घट्ट व्हायचा वेळ साधारण निम्मा होतो. खोल डब्यात ठेवलेला घोळ स्वतःच्या उष्णतेनं धूर सोडून दगड होतो. थोडं थोडं कालवा आणि पसरट ताटलीत ओता. काम संध्याकाळी, गारवा उतरताना करा. सकाळी ऊन चढत असताना लाकडातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या थराला बुडबुडे आणते. त्या बुडबुड्यांच्या जागी टाचणीएवढी भोकं राहतात, आणि पुढच्या वर्षीची गळती तिथून सुरू होते. ऊन उतरताना हवा आत ओढली जाते, तिच्याबरोबर रेझिनही लाकडात मुरतं.

क्रम असा ठेवा: आधी उघड्या कडांना पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात, कड पिणं थांबवेपर्यंत. मग बारीक चाळलेला लाकडाचा भुसा घालून केलेला दाट घोळ कोपऱ्यात चमच्याच्या पाठीनं गोलाईत भरा. ६ मिलिमीटरच्या प्लायला गोलाईची त्रिज्या दीड सेंटिमीटरच्या आसपास. घोळ ओला असतानाच वर ३-४ इंच रुंद पट्टी, आतून आणि बाहेरून दोन्हीकडं. फक्त आतून लावलेली पट्टी टिकत नाही, पाणी तिला बाहेरून ढकलत असतं. शेवटी रंग हवाच. इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुरभुरतं, नुसतं चमकतंय म्हणून उघडं सोडू नका. रंग फिकट घ्या, काळ्या किंवा गडद निळ्या तळावर दुपारी हात ठेवता येत नाही.

नवी शीट घेताना आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. त्या दर्जाच्या प्लायचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो की नाही हे तपासलेलं असतं. फर्निचरचं साधं प्लाय कितीही रंगवलं तरी होडीला नको.

दुरुस्ती चांगली आहे, तरी फाटतं

मग कारण वापरात आहे. होडीचं पुढचं टोक काठावर टेकलेलं, मागचा भाग पाण्यावर, आणि माणसं एकेक करून मागं जाऊन बसतात, हे आपल्याकडं रोज दिसतं. त्या वेळी सगळं वजन मधल्या सांध्यावर मोडायला येतं. होडी पूर्ण तरंगू द्या, काठाला समांतर धरा, मग चढा.

वल्हं अडकवायचा आकडा कुठं बसवलाय तेही बघा. तो नुसत्या काठपट्टीवर स्क्रूनं मारला असेल तर वल्ह्याचा प्रत्येक झटका बाजूची भिंत आत-बाहेर हलवतो आणि तो हिसका खालच्या सांध्यात उतरतो. आकड्याखाली, भिंतीच्या आतून, हातभर लांबीची जाड लाकडी थापी बसवा, आणि तिच्या जवळच बाक आडवा बांधा म्हणजे दोन्ही भिंती एकमेकींना धरून राहतील. एकट्यानं वल्हवणाऱ्याच्या होडीत उजव्या बाजूचाच सांधा गळत असेल तर उजव्या आकड्याकडं आधी बघा. पाय टेकवायला तळाला आडवी पट्टी हवी. ती नसेल तर माणूस बाकाच्या कडेला रेटतो आणि बाक भिंतीतून उखडतो.

आपले काठ मुरमाचे, काळ्या दगडाचे, आणि पाणी ओसरल्यावर वेड्या बाभळीची आणि बेशरमीची खुंटं वर येतात. होडी ओढत नेलीत तर तळाच्या कडेची पट्टी आधी झिजते. दोन गोल ओंडके किंवा पीव्हीसी पाइपचे तुकडे खाली घालून ढकला. तळाला बाहेरून दोन उभ्या पट्ट्या ठोका. त्या झिजू द्या, वर्षाआड बदला.

उन्हाळ्यातलं ठिकाण

पाणी मागं सरकलं की होडी जिथं टेकली तिथंच सोडून देऊ नका. सावलीत आणा, विटांवर उलटी ठेवा, जमिनीपासून वीतभर उंच, वाळवी लागू नये म्हणून. वरून पाचट किंवा तुराट्यांचा झाप घाला. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत वाफ कोंडते. फळ्यांची होडी असेल तर आठवड्यातून दोनदा तिच्याखालची जमीन ओली करा आणि आतल्या बिनरंगाच्या लाकडाला जवसाच्या तेलाचा हात द्या. एवढी व्यवस्था केली तर जूनमध्ये फटी कागद जाईल एवढ्याच राहतात, बोट जाईल एवढ्या नाही.

नाथसागराविषयी, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्याविषयी, एक सूचना. ते पक्षी अभयारण्य आहे, तिथं होडी घालण्याआधी वन खात्याला आणि पाटबंधारे खात्याला विचारून घ्या. पाणी इतकं रुंद आहे की वारा सुटला की लाटा छातीत धडकी भरवतात, दुरुस्त केलेली होडी तिथं पहिल्यांदा नेऊ नका. गावतळ्यात काठाजवळ तासभर बसून बघा, आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असू द्या. प्रत्येक बाकाखाली बूच घट्ट असलेले २० लिटरचे दोन रिकामे कॅन बांधा. एक कॅन सुमारे १९ किलो वजन तोलतो, होडी भरली तरी बुडत नाही, धरून राहता येतं. थर्माकोल घालणार असाल तर त्याला ऑइल पेंट आणि पॉलिएस्टर रेझिन लागू देऊ नका, दोन्हींत तो विरघळतो. पाणी उपसायचं डबडं दोरीनं होडीलाच बांधलेलं हवं.

या सगळ्यानंतरही एखादी जागा गळत राहिली तर आरी घेऊन तिथं टोचून बघा. टोक सहज आत गेलं, लाकूड ओलसर आणि तंतू सुटलेलं निघालं, तर तिथं चिकटवायला काही उरलेलं नाही. कडक लाकूड लागेपर्यंत, सगळ्या बाजूंनी चार बोटं पुढं जाऊन, तो तुकडा कापून काढा. नव्या तुकड्याच्या आणि भोकाच्या कडा तिरक्या तासा, जाडीच्या आठपट लांब उतार हवा, म्हणजे ६ मिलिमीटरच्या प्लायला सुमारे ५ सेंटिमीटर. वरच्या थराच्या रेषा जुन्या शीटच्या रेषांशी जुळवा, इपॉक्सी लावून सपाट फळीखाली दाबा, एक रात्र तसंच राहू द्या, आणि दुसऱ्या दिवशी आतून-बाहेरून कापड चढवा.